रोरिक म्हणजे नक्की कोणता, बाप की लेक?

"देविका राणीच्या नवऱ्याने काढलेले ते निळे डोंगर" असं कोणी म्हणालं की मला राहवत नाही. बॉम्बे टॉकीजवाल्या देविका राणीने १९४५ ला लग्न केलं ते चित्रकार स्वेतोस्लाव रोरिकशी, आणि तुम्ही म्हणताय ते निळे-जांभळे हिमालय बहुतेक वेळा त्याच्या वडलांचे, म्हणजे रशियन चित्रकार निकोलस रोरिकचे असतात. त्यात कुलूजवळच्या नग्गरला घर एकच, आडनाव एकच, मग घोळ होणारच ना.

निकोलस म्हणजे पायाला भिंगरी. १९२५ ला काश्मीरहून निघाला तो लडाख, काराकोरम, खोतान, पुढे अल्ताई, मंगोलिया, तिबेट करत १९२८ ला परत आला. बायको आणि थोरला मुलगा बरोबर (धाकटा स्वेतोस्लाव तेव्हा अमेरिकेत), तिबेटमध्ये तर सरकारने पुढे जाऊच दिलं नाही, ऐन थंडीत पाच महिने उन्हाळी तंबूत काढले, जनावरं पटापट मेली. एवढं सगळं होऊनही डोंगरावर राग नाही हो या माणसाचा, उलट त्याला तिथे ऋषीमुनीच दिसतात. चित्राजवळ जाऊन बघा, टेंपेरा (अंड्याचा बलक वगैरे चिकट द्रव्यात कालवलेला रंग) असल्याने चकाकी नाही, अख्खा डोंगर चार-पाच सपाट छटांत बसवलाय, कडा कात्रीने कापल्यासारख्या, आणि खाली कोपऱ्यात अंगठ्याएवढा एक माणूस, तोही कधी असतो कधी नसतो. कांचनजंगा तर किती वेळा काढलाय, पण दर वेळी उजेड वेगळा.

लेकाचं उलटं, आधी माणूस. जुन्या संसद भवनाच्या सेंट्रल हॉलमधलं नेहरूंचं पोर्ट्रेट याचंच. डोंगर त्यानेही काढले, पण नंतर बंगलोरजवळ ताटगुणीला राहिला आणि तिकडची तांबडी माती, कामाला वाकलेल्या बायका, पेटल्यासारखं आकाश हे सगळं चित्रांत आलं. मला स्वतःला बापच जास्त आवडतो, लेकाचे रंग कधीकधी जरा अतीच होतात.

ओळखायची माझी सोपी युक्ती म्हणजे माणूस केवढा काढलाय ते बघायचं, मोठा आणि पुढे असेल तर बहुतेक लेक. शंभर टक्के चालते असं नाही, बापाच्याही काही चित्रांत साधू चांगला मोठा बसलेला असतो.

नग्गरला गेलात तर घराच्या खाली उतरून तो दगड बघाच, निकोलसला १९४७ च्या डिसेंबरमध्ये तिथेच अग्नी दिला, आणि त्यावर तारखेच्या आधी विक्रम संवत २००४ कोरलंय.