ब्रेकडाउन (नृत्यसंगीत)

ब्रेकडाउन : नाचासाठी बांधलेल्या इलेक्ट्रॉनिक संगीतात चालू ठेका मध्येच काढून घेतला जातो, तो भाग. किक ड्रम (ठेक्याचा खोल, जड ठोका) आणि बेस (खर्जाचे सूर) थांबतात. लांबलेले सूर, एखादी धून किंवा गाण्याची ओळ तेवढी उरते आणि काही वेळाने सगळा ठेका एकदम परत येतो. या परत येण्याला ‘ड्रॉप’ म्हणतात. ट्रान्स आणि ड्रम अँड बेस या इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीताच्या दोन प्रकारांत ब्रेकडाउन विशेष ठळक असतो. सातारा-सांगलीकडे मिरवणुकीतल्या डॉल्बीमुळे हा प्रकार कानाला परिचित आहे, नाव माहीत असो वा नसो.

शब्दाचा उगम वादाचा आहे. ‘ब्रेक’ आणि ‘ब्रेकडाउन’ हे शब्द एका घरचे वाटले तरी आजच्या वापरात त्यांचे अर्थ जवळजवळ उलटे आहेत. अमेरिकी फंक संगीतात ब्रेक म्हणजे बाकीची वाद्ये थांबून एकटा ड्रम वाजतो ती जागा. १९७३च्या सुमारास न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात डीजे कूल हर्क यांनी एकाच तबकडीच्या दोन प्रती आलटून पालटून वाजवत ही जागा लांबवली. ब्रेकडाउनमध्ये मात्र नेमका ड्रमच जातो. ही उलटापालट कशी झाली, याबद्दल दोन मते प्रामुख्याने मांडली जातात. एका मतानुसार तिचे मूळ सत्तरच्या दशकातील डिस्कोत आहे. तेथे नाचणाऱ्यांसाठी गाणे लांबवताना वाद्ये एकेक करून काढत आणि पुन्हा एकेक करून भरत. याचे श्रेय सहसा अमेरिकी रीमिक्सकार टॉम मोल्टन यांना दिले जाते. दुसरे मत जमैकाच्या डब संगीताकडे, म्हणजे रेगी गाण्यांच्या नव्याने मिसळलेल्या रूपांकडे, बोट दाखवते. तिथले ध्वनी अभियंते किंग टबी यांनी मिक्सिंगच्या टेबलालाच वाद्य मानले. कधी गायकाचा आवाज, कधी गिटार मध्येच तोडून ते फक्त ड्रम आणि बेस ठेवत, आणि तुटलेल्या आवाजाचा प्रतिध्वनी मागे तरंगत राही. एकोणिसाव्या शतकातील अमेरिकी लोकनृत्यालाही ‘ब्रेकडाउन’ म्हणत आणि बँजो-फिडलच्या द्रुत धुनांना आजही ते नाव आहे. पण तेथे नुसते नावाचे साम्य दिसते, तंत्राचे नाही. हेवी मेटलमधील ब्रेकडाउन ही आणखी निराळी, संथ आणि जड गोष्ट.

ड्रम अँड बेसपुरते पाहिले तर डबचे मत अधिक पटते. हा प्रकार नव्वदच्या दशकाच्या आरंभी इंग्लंडमध्ये ‘जंगल’ नावाच्या द्रुत नृत्यसंगीतातून वाढला आणि जंगलला लंडनमधल्या कॅरिबियन साउंड सिस्टिमचे (मोठे स्पीकर लावून तबकड्या वाजवणाऱ्या मंडळींचे) पाणी मिळालेले होते. ट्रान्सची वाट डिस्को, हाउस, टेक्नो अशी जर्मनीपर्यंत जाते, म्हणून त्याला पहिले मत लागू पडते.

रचनेच्या दृष्टीने ब्रेकडाउनला मराठीत ‘खंड’ किंवा ‘विराम’ म्हणणे पुरेसे नाही, कारण मोजणी थांबत नाही. तबल्यातील ‘खाली’ हा शब्द जवळचा आहे. त्रितालात पहिल्या आठ मात्रा ‘धा धिं धिं धा’ अशा भरीव जातात. दहाव्या ते तेराव्या मात्रेत ‘तिं तिं ता ता’ येते आणि डग्ग्याचा घुमारा नाहीसा होतो. चाट (उजव्या तबल्याची कड) वाजते, मोजणी चालू राहते, फक्त खालचे वजन उचललेले असते. ब्रेकडाउन म्हणजे हीच क्रिया मोठ्या मापावर. एक भेद महत्त्वाचा. त्रितालात डग्गा चौदाव्या मात्रेलाच ‘धिं’ने परततो आणि सम येत असल्याची वर्दी देतो, ब्रेकडाउनमध्ये बेस थेट पहिल्या ठोक्यापर्यंत रोखून धरतात. आपल्याकडे समेची वाट दाखवली जाते, इकडे ती झाकली जाते. ब्रेकडाउनची आलापाशी तुलना केली तर ती मात्र टिकत नाही. आलाप तालाच्या आधी येतो. ब्रेकडाउन अंगात ताल भिनल्यानंतर येतो आणि त्याचा सगळा जोर त्या भिनण्यावरच असतो.

ट्रान्सची लय बहुधा मिनिटाला १३८ ठोक्यांच्या आसपास असते. चार ठोक्यांचे एक याप्रमाणे ३२ आवर्तनांचा ब्रेकडाउन सुमारे ५६ सेकंद चालतो; याहून लांबही असतात. त्यात सिंथेसायझरचे पसरट सूर मिरजेच्या तानपुऱ्यासारखे भरून राहतात. १९९६च्या सुमारास आलेल्या रोलँड जेपी-८००० या यंत्रातील ‘सुपरसॉ’ ध्वनी या जागेची ओळख बनला: किंचित बेसूर केलेल्या सात लहरी एकत्र वाजतात आणि सूर रुंद होतो. मिरजेच्या शनिवार पेठेत तानपुऱ्याची जवारी (तारेचा झणत्कार) काढताना तारेखाली दोरा सरकवणारा कारागीर एका तारेतून अनेक स्वर उमलवतो. कारण निराळे, पण कानाला मिळणारे भरलेपण त्याच जातीचे. पुढे स्नेअर ड्रम एकपट, दुगुन, चौगुन असा चढत जातो, खर्ज गाळणारा फिल्टर वर सरकतो, क्षणभर शांतता होते आणि ड्रॉप येतो. गोव्याच्या किनाऱ्यावर वाढलेल्या गोवा ट्रान्समध्ये अशा जागा सहसा आखूड असतात.

ड्रम अँड बेसची लय बहुधा १७४च्या आसपास, त्यामुळे १६ आवर्तने २२ सेकंदांत संपतात. त्यात तुकडे करून वापरलेले ड्रमचे ठेके बहुतेकदा जुन्या तबकड्यांतले असतात. सर्वांत प्रसिद्ध तुकडा ‘द विन्स्टन्स’च्या १९६९च्या ‘आमेन, ब्रदर’मधील ग्रेगरी कोलमन यांच्या ड्रमवादनाचा, जेमतेम सात सेकंदांचा. ब्रेकडाउनमध्ये हा गजबजाट गेला की ऐकणारा ८७च्या निम्म्या लयीवर येतो. वेग तोच, पण चाल संथ भासते.

सातारा-सांगलीत ब्रेकडाउन क्लबमध्ये नव्हे, रस्त्यावर ऐकला जातो. मिरजेत विसर्जनाच्या रात्री स्वागत कमानीखाली गाडी थांबते आणि भिंतीसारख्या रचलेल्या स्पीकरमधून बेस निघून जातो. तेव्हा बंद दुकानांची शटर खडखडायची थांबतात, चहाच्या टपरीवरचे ग्लास स्थिर होतात आणि इतका वेळ दबलेला शेजारच्या मंडळाचा ताशा ऐकू येतो. नाचणाऱ्यांचे हात वर जातात; पाय मात्र जागेवरच मोजत असतात. निवासी भागासाठी ध्वनिप्रदूषण नियम, २००० मध्ये दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा आहे आणि डॉल्बीवरचा वाद प्रामुख्याने आवाजाच्या पातळीचा आहे. ब्रेकडाउनची ताकद मात्र पातळीत नसून फरकात असते. म्हणून मर्यादेत वाजवणाऱ्यालाही हे तंत्र उपयोगी पडते. हलगीवाले ते जाणतात. घुमके (हलगीच्या जोडीचा खर्जाचा ढोल) थांबवून एकट्या हलगीची तडतड वाढवत नेतात आणि घुमक्याच्या पहिल्या ठोक्यावर लेझमीची रांग एकदम खाली वाकते.