कपड्याच्या आतली हवा

स्वेटर ऊब देतो, असं आपण सहज म्हणून जातो. पण स्वेटरकडे स्वतःची ऊब नसते. ती आपल्या शरीरात तयार होते. नुसत्या बसलेल्या माणसाच्या अंगातूनही साधारण १०० वॅट उष्णता सतत बाहेर पडत असते. स्वेटर ती लवकर निसटू देत नाही, एवढंच. आणि तेही काम लोकरीपेक्षा लोकरीत अडकून पडलेली हवा जास्त करते. स्थिर हवेतून उष्णता फार सावकाश जाते. हवेची जागा पाण्यानं घेतली, की ती वीस-पंचवीस पट सहज वाहून जाते. म्हणून कुठल्याही प्रदेशाचा पारंपरिक पोशाख पाहताना मी कापडाच्या आधी दोन गोष्टी बघतो: अंग आणि कापड यांच्यामध्ये हवेला जागा किती आहे, आणि घामाला बाहेर पडायला वाट कुठून आहे.

या दोन्हींत आर्क्टिकमधल्या इन्युइट लोकांचा हात धरणारं कोणी मला दिसत नाही. त्यांचा हिवाळी पोशाख कॅरिबूच्या, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या रेनडिअरच्या कातड्याचा. तो दोन थरांत घालतात. आतल्या थराची केसाळ बाजू अंगाकडे, बाहेरच्या थराची बाहेर. कॅरिबूचा केस आतून पोकळ असतो, त्यामुळे केसांच्या मधेही हवा आणि केसांच्या आतही हवा. कपडा मुद्दाम सैल ठेवतात. श्रमाचं काम करताना अंग तापलं, की टोपी मागे सारली जाते आणि गळ्यापाशी साचलेली दमट, उबदार हवा वर निघून जाते. कडाक्याच्या थंडीत घाम जिवावर बेतू शकतो, कारण ओलावा केसांतल्या हवेची जागा घेतो आणि पुढं गोठतो. टोपीच्या कडेला बऱ्याचदा वुल्व्हरीन या प्राण्याची फर असते. श्वासातली वाफ तिच्यावर गोठली तरी ते हिमकण हातानं झटकता येतात.

त्यांचे सीलच्या कातड्याचे बूट तर जवळून बघावेत. शिवणीत कातड्याच्या दोन कडा एकमेकींवर घेतात आणि टाक्यांच्या दोन ओळी घालतात. पण एकाही टाक्यात सुई दोन्ही कातड्यांच्या आरपार जात नाही. एकीच्या निम्म्या जाडीतूनच ती परत फिरते. त्यामुळे पाण्याला आत शिरायला सरळ भोकच मिळत नाही. दोरा असतो जनावराच्या कंडरेचा. तो ओला झाला की फुगतो आणि उरलेली फट बुजवतो. हे काम पिढ्यानपिढ्या बायकांनी केलं. शिवण बिघडली तर शिकारीला गेलेल्या माणसाचे पाय गोठणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. नॉर्वेचा ध्रुवप्रदेश शोधणारा प्रवासी रोआल्ड आमुन्सेन १९०३ ते १९०५ या काळात नेत्सिलिक इन्युइटांच्या शेजारी राहिला आणि हा पोशाख त्यांच्याकडून शिकला. १४ डिसेंबर १९११ रोजी दक्षिण ध्रुवावर सर्वांत आधी पोहोचलेल्या त्याच्या तुकडीच्या सामानात फरचे सैल कपडे होते. त्या विजयाचं थोडं श्रेय या शिवणकामाला द्यायलाच हवं.

वाळवंटात नेमकी उलटी अडचण येते. त्वचेचं तापमान ३५ अंशांच्या आसपास असतं. बाहेरची हवा ४५ अंशांवर गेली, की उघड्या अंगातून उष्णता हवेत जाण्याऐवजी हवेतूनच अंगात येऊ लागते, वर ऊन असतंच. मग अंग झाकलेलं बरं. पण बेदुइन, म्हणजे अरब वाळवंटातले भटके लोक, काळे झगे का घालतात? संशोधक अमिराम श्कोल्निक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० साली ‘नेचर’ या विज्ञानाच्या नियतकालिकात याचं उत्तर दिलं. त्यांनी एका माणसाला भर दुपारच्या उन्हात वेगवेगळ्या कपड्यांत उभं करून मोजमापं घेतली. काळा झगा पांढऱ्यापेक्षा जास्त तापला, पण शरीरापर्यंत पोहोचलेली उष्णता दोन्हींत सारखीच निघाली. झगा सैल असल्यामुळे वाढीव उष्णता त्वचेपर्यंत येण्याआधीच वाऱ्यावर जाते. हालचालीबरोबर झगा भात्यासारखा आतली हवा बाहेर लोटत राहतो. काळा झगा पांढऱ्याहून गार असतो, असं या प्रयोगावरून बरेचदा सांगितलं जातं. ते मात्र बरोबर नाही.

दमट उष्ण प्रदेशात हा उपाय तितका चालत नाही. १ लिटर घाम पूर्ण सुकला तर सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता घेऊन जातो, पण हवेतच बाष्प दाटलेलं असेल तर घाम सुकत नाही, नुसता ओघळतो. म्हणून आग्नेय आशियात कमरेला लुंगीसारखं गुंडाळलेलं एकच पातळ सारोंग, आणि उन्हापावसासाठी व्हिएतनाममधली पानांची शंकूच्या आकाराची रुंद टोपी. तिबेटच्या पठारावर एकाच दिवसात कडक ऊन आणि बोचरी थंडी दोन्ही असतात. तिथला चुबा हा लांब बाह्यांचा जाड अंगरखा ऊन चढलं की एका खांद्यावरून उतरवतात, संध्याकाळी परत चढवतात.

सूट आणि टाय घडले युरोपच्या थंड हवेत, आणि आज ते जगभरच्या कार्यालयांत घातले जातात. टाय गळा आवळतो, म्हणजे उबदार हवा जिथून वर निघून गेली असती तीच वाट बंद करतो. मग ती कसर एअर कंडिशनरनं भरून काढावी लागते. जपानच्या पर्यावरण मंत्रालयानं २००५ च्या उन्हाळ्यात ‘कूल बिझ’ मोहीम काढली: कार्यालयातलं तापमान २८ अंशांवर ठेवा, टाय आणि कोट घरी ठेवा. २०११ च्या भूकंपानंतर विजेची टंचाई आली, तेव्हा मोहिमेनं आणखी ढील दिली आणि पोलो शर्ट, हवाई पद्धतीचे फुलाफुलांचे शर्ट, अगदी सँडलसुद्धा कार्यालयात चालू लागले.