अर्थ फॉल्टची दिशा: एका संरक्षणाची पार्श्वभूमी

बडोद्यात कलाभवन हे तंत्रशिक्षणाचे विद्यालय 1890 साली सुरू झाले, 1960 साली स्थापन झालेल्या गुजरात विद्युत मंडळाचे मुख्यालय इथेच होते आणि 1974 मध्ये एर्डा ही विद्युत चाचणी व संशोधन संस्थाही इथेच उभी राहिली. त्यामुळे बडोद्यातील अनेक मराठी घरांत रिले (बिघाड ओळखणारे उपकरण), ब्रेकर (प्रवाह तोडणारा स्विच), सीटी (प्रवाह मोजण्यासाठीचा ट्रान्सफॉर्मर) हे शब्द परके नाहीत. मात्र सबस्टेशनच्या पॅनलवर ‘67एन’ असा क्रमांक असलेला दिशादर्शक अर्थ फॉल्ट रिले, म्हणजे तारेतून जमिनीकडे प्रवाह वाहण्याचा बिघाड कोणत्या बाजूला आहे हे सांगणारा रिले, कोणत्या गरजेतून आला, हे फारसे सांगितले जात नाही.

पुरवठा एकाच टोकाकडून होत असे, तोवर किती प्रवाह वाहिला आणि किती वेळ वाहिला एवढे मोजणे पुरेसे होते. दोन समांतर लाईन किंवा रिंग आली, की बिघडलेल्या लाईनमध्ये दोन्ही टोकांकडून प्रवाह शिरतो, तो निरोगी लाईनमधूनही वाहतो, आणि केवळ प्रवाह मोजणारा रिले चांगली लाईनही बंद पाडू शकतो. प्रत्यावर्ती प्रवाहाला स्वतःची अशी दिशा नसते. ती ठरवण्यासाठी त्याची तुलना एखाद्या व्होल्टेजशी करावी लागते. माझ्या मते या संरक्षणाचा सारा इतिहास म्हणजे असा भरवशाचा संदर्भ मिळवण्याचा इतिहास आहे.

फेजचा व्होल्टेज यासाठी अडचणीचा असतो, कारण बिघाड जवळ असेल तर तोच कोसळतो. याउलट तिन्ही फेज-व्होल्टेजांची बेरीज, म्हणजे रेसिड्युअल व्होल्टेज, एरवी जवळजवळ शून्य असते आणि बिघाडाच्या जागी सर्वाधिक होते. ती मिळवण्यासाठी पीटीचे (व्होल्टेज मोजण्यासाठीच्या ट्रान्सफॉर्मरचे) दुय्यम वेटोळे ओपन डेल्टामध्ये, म्हणजे एका कोपऱ्यात उघड्या ठेवलेल्या त्रिकोणात, जोडतात. त्यासाठी तीन एकफेजी पीटी किंवा पाच भुजांच्या (लिंब) गाभ्याचा पीटी लागतो, तीन भुजांचा चालत नाही. विद्युत अभियंता फोर्टेस्क्यू यांनी 1918 मध्ये मांडलेल्या सममित घटकांच्या पद्धतीमुळे (असंतुलित तीन फेजांची धन, ऋण आणि शून्य अशा तीन अनुक्रमांत फोड) या बेरजेला नेमका गणिती आधार मिळाला.

न्यूट्रल, म्हणजे तिन्ही फेजांचा सामाईक बिंदू, जमिनीशी कसा जोडला आहे, यावर मात्र सारे गणित बदलते. न्यूट्रल जमिनीपासून अलग असेल तर बिघाडाचा प्रवाह लाईनच्या कॅपॅसिटन्समधून येतो, तो लहान असतो आणि रेसिड्युअल व्होल्टेजपासून सुमारे 90 अंशांनी सरकलेला असतो. शिवाय बिघडलेल्या फीडरमधील (सबस्टेशनमधून निघणाऱ्या लाईनमधील) आणि निरोगी फीडरमधील रेसिड्युअल प्रवाह, म्हणजे तिन्ही फेज-प्रवाहांची बेरीज, एकमेकांच्या उलट दिशेने वाहतात, हीच ओळखण्याची खूण ठरते. जाळी वाढली तसा हा प्रवाहही वाढला आणि ठिणगी आपोआप विझेनाशी झाली. त्यावर जर्मनीत वाल्डेमार पीटरसन यांनी पहिल्या महायुद्धाच्या काळात न्यूट्रल आणि जमीन यांच्यामध्ये जुळवलेली कॉइल बसवून तो कॅपॅसिटिव्ह प्रवाह रद्द करण्याचा उपाय काढला. त्यामुळे ठिणगी विझू लागली, पण ती खूणही हरवली, कारण उरला तो गळतीचा अल्पसा सक्रिय भाग. तेवढ्यावर दिशा सांगणारे वॉटमेट्रिक रिले त्यातूनच पुढे आले.

आपल्याकडे न्यूट्रल बहुधा थेट जमिनीला जोडलेला असल्याने बिघाडाचा प्रवाह मोठा असतो आणि अडचण वेगळी असते: लांबच्या बिघाडात रेसिड्युअल व्होल्टेज फारच थोडे मिळते. अशा ठिकाणी ट्रान्सफॉर्मरच्या न्यूट्रलमधील सीटीचा प्रवाह संदर्भ म्हणून घेत आले आहेत. इंडक्शन डिस्कच्या, म्हणजे फिरत्या चकतीच्या रिलेंच्या, काळात त्यासाठी वायरिंग वेगळे करावे लागे. न्यूमेरिकल (संगणकीय) रिले, पीटी योग्य जोडलेला असेल तर तिन्ही व्होल्टेजांची बेरीज स्वतःच करतो आणि ऋण अनुक्रमाचा संदर्भही वापरू शकतो.

सीटीची पोलॅरिटी (जोडणीची दिशा) उलटी असण्याचा धोका मात्र कायम आहे. नेहमीच्या भारावर रेसिड्युअल व्होल्टेज शून्याजवळ असल्याने ती चूक दिसत नाही, म्हणून कमिशनिंगच्या (यंत्रणा प्रथम कार्यान्वित करण्याच्या) वेळी एका फेजचा व्होल्टेज काढून कृत्रिम बिघाड निर्माण करतात आणि रिले पुढे बघतो की मागे, हे तपासतात.