ख्मेर म्हाताऱ्यांच्या आठवणीतली बैलगाडी, नोरी आणि मोडका पूल

आधी बैलगाडी, मग आगगाडी, मग मोटार, असा क्रम आपण गृहीत धरतो. आज सत्तरी-पंचाहत्तरीत असलेल्या कंबोडियातल्या माणसांच्या आयुष्यात तो मध्येच उलटा फिरला. त्यांच्या आठवणी ऐकताना हे ध्यानात ठेवायलाच हवं.

त्यांच्या लहानपणी गावाकडे बैलगाडीच होती. तिला ख्मेर भाषेत 'रतेह को' म्हणतात. दोन चाकं आणि पुढे होडीच्या नाळेसारखा वर वळलेला दांडा. अंगकोरच्या बायोन मंदिराच्या आठशे वर्षांपूर्वीच्या शिल्पपटांतही बैलगाड्या कोरलेल्या आहेत. पावसाळ्यात मात्र तोनले साप नदी उलटी वाहू लागते, त्याच नावाचं तळं चार-पाच पट पसरतं. मग काठच्या गावांची भिस्त होडीवर.

शहरात १९३०च्या दशकात फ्रेंच अमलाखाली सिक्लो, म्हणजे सायकलरिक्षा, आली. प्रवासी पुढे, पेडल मारणारा मागे. त्याच सुमारास राजधानी पनॉम पेन ते बट्टंबांग रेल्वे धावू लागली.

१७ एप्रिल १९७५ रोजी ख्मेर रूज या कट्टर कम्युनिस्ट बंडखोरांनी पनॉम पेन ताब्यात घेतलं आणि सगळं शहर रस्त्यावर काढलं. लोक चालत निघाले. कुणी सायकलीवर बोचकी लादली, कुणी मोटार ढकलत नेली, रुग्णालयांतले आजारीही सुटले नाहीत. १९७९ साली ती राजवट कोसळली, तेव्हा घराकडे परतणारेही बहुतेक पायीच निघाले. या पिढीला प्रवास म्हटलं की आधी हे चालणं आठवतं, आणि मला तेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

युद्धातून उरलेल्या रुळांवर माणसांनी 'नोरी' चालवली. दोन आस, त्यांवर बांबूचा तक्ता. सुरुवातीला बांबूने रेटायची, पुढे छोटं इंजिन बसलं. रूळ एकच. दोन नोरी समोरासमोर आल्या की कमी ओझ्याची उतरवायची: माणसं खाली, तक्ता बाजूला, मग दोघांनी मिळून आस उचलायचे. दुसरी गेली की पुन्हा जोडणी. माणसं, तांदूळ, लाकूड, सगळं असंच जायचं.

पनॉम पेनचा च्रॉय चांगवार पूल लढाईत तुटला, त्याचं नावच 'स्पियान बाक', म्हणजे मोडका पूल, पडलं. जपानच्या मदतीने तो १९९४ साली पुन्हा उभा राहिला. नेआक लुआंगला मेकाँग ओलांडायला २०१५पर्यंत फेरीबोटच होती. आता तिथेही पूल आहे. २०२२पासून राजधानी ते सिहानूकविल असा १८७ किलोमीटरचा द्रुतगती मार्ग आहे, आणि शहरात अ‍ॅपवर बोलावलेल्या तीनचाकी रिक्षा धावतात. त्यांत आपल्या पुण्याच्या बजाजच्याही खूप.

कांपाँग छनांग या प्रांताच्या नावाचा अर्थच मडक्यांचा धक्का. तिथले कुंभार पेंढ्यात मडकी बसवून बैलगाडीने दूरदूरच्या गावांत विकायला निघतात. शेजारून ट्रक जात असतात, आणि रात्री झोपायची जागा गाडीखालीच.