सोलापुरी गृहसजावट

सोलापूर शहर व परिसरातील घरांच्या अंतर्भागाला वेगळेपण देण्याची रीत. सजावटीसाठी म्हणून मुद्दाम घडवलेली वस्तू इथे फार थोडी असते. मागावरची, शेतातली, चुलीजवळची वस्तू आपले काम सांभाळून, किंवा ते सुटल्यावर, भिंतीवर, कोनाड्यात अथवा दाराशी जागा धरते. बाहेरून आलेल्याला ती तिथे पाहून नवल वाटते, घरच्यांना वाटत नाही. कमी पाऊस व कडक उन्हाळा, कापडधंदा, आणि मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू बोलणाऱ्यांची शेजारशेजारची वस्ती यांतून ही रीत घडली.

या भागातले जुने घर माळवदाचे. तुळयांवर लाकूडफाटा, त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर, जाड भिंती आणि मोजक्या खिडक्या. उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या पुढे राहणाऱ्या मुलखात हा शहाणपणाचा बेत होता. खिडक्यांची कमतरता भरून काढायला माळवदात साणे ठेवत. ते मूळचे धूर जाण्यासाठी आणि उजेड येण्यासाठी केलेले भोक, पण त्यातून पडणारा कवडसा दिवसभर खोलीत फिरतो. कोणत्याही महागड्या दिव्याला हे जमत नाही. सोलापूर साधारण १७.७ अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे मेच्या पूर्वार्धात आणि ऑगस्टच्या सुरुवातीला सूर्य भर दुपारी नेमका डोक्यावर येतो आणि कवडसा साण्याच्या सरळ खाली पडतो. डिसेंबरअखेरीस दहा फूट उंचीच्या खोलीत तोच कवडसा सुमारे पावणेनऊ फूट उत्तरेला सरकलेला असतो. नव्या स्लॅबच्या घरात असे काचबंद साणे ठेवायचे असेल तर उत्तरेची भिंत मोकळी ठेवावी, कारण हिवाळ्यात चित्र तिच्यावर उमटणार आहे. भोक स्लॅब ओतण्याआधीच ठरवलेले बरे. मागाहून पाडले तर आतल्या सळया तुटतात. कडेने चार-सहा इंचांचा उंचवटा केला नाही, तर पहिल्या वळवालाच खाली बादली ठेवावी लागते.

जाड भिंतीतले कोनाडे आणि देवळ्या हा त्याच घराचा दुसरा वारसा. विटांच्या पातळ भिंतीत खोल कोनाडा निघत नाही. म्हणून हल्ली प्लायवूडची खोटी भिंत पुढे आणून त्यात कोनाडे काढतात. त्यात काही गैर नाही, मात्र एका भिंतीत नऊ कोनाडे काढून प्रत्येकाच्या डोक्यावर पिवळा दिवा लावला की घराचे सराफी दुकान होते.

जमिनीला शहाबादी फरशी. शहाबाद हे गाव कर्नाटकातील कलबुर्गी जिल्ह्यात, मुंबई–चेन्नई लोहमार्गावर आहे. सोलापूरही त्याच मार्गावर असल्याने हा दगड इथे सहज आला. तो चुनखडीचा असल्याने लिंबू, चिंच, ताक सांडले की आम्लाने डाग उठतो. टाइलचे युग आल्यावर शहाबादी न्हाणीत आणि अंगणात हद्दपार झाली. आता काही घरांत ती पुन्हा बैठकीत येते आहे: घासून गुळगुळीत केलेली, मध्येच पाडलेल्या वाड्यातून आणलेल्या नक्षीदार सिमेंट फरश्यांचा चौकोन बसवलेली. हा चौकोन खोलीच्या बरोबर मध्यभागी न घेता झोपाळ्याखाली किंवा उंबऱ्यापाशी घेतात, तेव्हा तो अधिक खुलतो.

पण सोलापूरचे खरे भांडवल मागावर आहे. शहरातली पहिली कापडगिरणी, लोकांच्या तोंडची ‘जुनी गिरणी’, १८७७ साली सुरू झाली. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी पूर्व भागात हातमाग आणि पुढे यंत्रमाग चालवले. सोलापुरी चादर आणि सोलापुरी टेरी टॉवेल या दोहोंना भौगोलिक मानांकन आहे. चादरीची नक्षी जेकार्ड यंत्रावर उठते. भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांची लांब माळ यंत्रावर फिरते; ज्या ठिकाणी भोक असेल त्या ठिकाणचा ताण्याचा, म्हणजे उभा, धागा उचलला जातो आणि धोटा, म्हणजे मागावर इकडून तिकडे धावणारी होडीसारखी लाकडी वस्तू, त्याखालून बाणा, म्हणजे आडवा धागा, घेऊन जातो. धोट्याच्या एका फेरीला एक पुठ्ठा, म्हणजे मोर किंवा कमळ काढायला पुठ्ठ्यांची मोठी चळत लागते. नक्षी दोन्ही बाजूंनी दिसते, फक्त रंगांची अदलाबदल होते: पुढे तांबड्यावर पांढरे, तर मागे पांढऱ्यावर तांबडे.

हा गुण पांघरताना वाया जातो. खोलीच्या मधोमध, पडद्याच्या जागी चादर टांगली की बैठकीला एक रंग मिळतो आणि आतल्या खोलीला दुसरा. छोट्या घरात आडोसा करायला याहून स्वस्त आणि देखणा उपाय नाही. टांगताना वरच्या कडेला नेफा शिवून लाकडी दांडी घालावी म्हणजे वजन सारखे विभागते. खिळ्यांवर टोचलेली चादर काही महिन्यांत झोळीसारखी लोंबते. थेट उन्हाची जागा टाळावी, सुती रंग इथल्या उन्हात उडतात. काचेच्या चौकटीत कोंबू तर नयेच.

भिंतीवर लावण्यासाठीच विणलेले कापडही सोलापुरात होते. या भित्तिपटांत बाणा काठापासून काठापर्यंत सलग जात नाही. प्रत्येक रंगाचा धागा आपल्या हद्दीपुरता हाताने फिरवून मागे आणला जातो. देवदेवता, निसर्गदृश्ये आणि पुढाऱ्यांची चित्रे अशी विणली गेली. नाकाच्या सावलीसाठी शेजारशेजारच्या छटांचे धागे निवडणारा विणकर चित्रकाराइतकाच नजरेचा पक्का असतो. असा पट प्लॅस्टिकच्या आवरणासह टांगण्याची चाल मात्र अनाकलनीय आहे. धूळ बसते हे खरे; मग झटकावी.

मागाचे सुटे भागही घरात शिरले आहेत. धोटा गुळगुळीत लाकडाचा, दोन्ही टोकांना धातू, पोटात सुताच्या कांडीसाठी पोकळी. दाराच्या मुठीसाठी तो जणू बेतूनच केलेला असतो. पोकळीत पेन्सिली किंवा उदबत्त्या राहतात. निकामी झालेले जेकार्डचे पुठ्ठे दिव्याभोवती गुंडाळले की भोकांतून भिंतीवर ठिपक्यांची रांगोळी पडते. दिवा एलईडी असावा, तापणाऱ्या दिव्याजवळ पुठ्ठा धोक्याचा. टॉवेलच्या आणि शिवणकामाच्या कारखान्यांतल्या चिंध्यांच्या वाकळी आणि पायपुसणी तर घरोघर होतीच. आज तीच वाकळ दिवाणावर पसरून ठेवली की पाहुणा आधी तिची चौकशी करतो.

लोकरीत घोंगडी. सांगोला आणि मंगळवेढा भागातल्या धनगरी मेंढ्यांची काळी लोकर, चिंचोक्याची खळ. त्या खळीमुळे नवी घोंगडी टोचते आणि ताठ राहते, म्हणून ती अंथरण्यापेक्षा बाकावर किंवा भिंतीवर शोभते. कसर लागू नये म्हणून घडीत कडुनिंबाचा पाला घालतात.

कर्नाटकाची सरहद्द जवळ असल्याने इरकलीचे काठ आणि गुळेदगुड्डचा खण सोलापूरच्या घरांत परका नाही. उशीच्या अभ्र्यांपासून आरशाच्या चौकटीपर्यंत सगळीकडे खण लावण्याची जी लाट सध्या आली आहे, तिने त्या कापडाची गंमत घालवली. एखादाच तुकडा, आणि तोही घरातल्या कुणाच्या चोळीचा असेल तर उत्तम. पूर्व भागातल्या तेलुगू घरांत उंबऱ्यापुढे मुग्गू, म्हणजे रांगोळी, घालतात. नवरात्रात बतुकम्मा या तेलुगू सणाचा फुलांचा मनोरा रचतात. ती काही दिवसांची सजावट भल्या भल्या कायमच्या सजावटीला झाकोळते. शेंगा चटणी कुटायचे दगडी उखळ आता मिक्सरमुळे रिकामे आहे. त्यात पाणी भरून फुले सोडतात, कोणी रोप लावतात. रोपासाठी तळाला भोक पाडू नये. त्या उखळात पुन्हा चटणी होणार नाही असे समजण्याची घाई कशाला?

श्रीमंती घरांचा मार्ग वेगळा होता. अप्पासाहेब वारद यांनी बांधलेले इंद्रभुवन, जिथे पुढे महापालिकेचे कार्यालय आले, शिल्पांनी आणि नक्षीने गच्च भरलेले आहे. तो थाट पाहण्याजोगा आहे, अनुकरणाजोगा नाही.

उलट टोकाला कामगार वसाहती. कुंभारी येथे विडी कामगार महिलांसाठी गोदूताई परुळेकर वसाहतीत १०,००० घरे झाली; त्याच परिसरातील रे नगर प्रकल्पातील १५,००० घरांचे वाटप जानेवारी २०२४ मध्ये झाले. एकाच नकाशाची इतकी घरे ओळीने उभी असली की आपले घर वेगळे दिसावे ही हौस राहत नाही, गरज होते. मग दाराचा रंग, उंबऱ्यावरची नक्षी, तुळशीचा कट्टा, फळीवर उतरत्या क्रमाने मांडलेली भांडी यांना वजन येते. विड्या वळताना मांडीवर घेतले जाणारे सूप काम संपल्यावर खिळ्यावर जाते. रंगवलेले, आरसे चिकटवलेले सूप दुकानातही मिळते, पण तंबाखूच्या वासाचे आणि कड झिजलेले सूप जिथे टांगलेले असते तिथे भिंतीला दुसरे काही लागत नाही.

पाडलेल्या वाड्यांचे साहित्य वखारींत मिळते: तुळया, खांब, कड्या-कोयंड्यांसह दारे. सागवान घेताना टोकाशी टोचून पाहावे. वाळवीने पोखरलेले लाकूड पोकळ वाजते. माळवदातून निघालेल्या तुळईला मातीचा खार आणि धुराचा काळा थर असतो. तो रंधून काढला तर नवे लाकूड घेतल्यासारखेच झाले. ओल्या फडक्याने पुसून जवसाचे तेल लावले तरी पुरते. अखंड तुळई नव्या फ्लॅटच्या जिन्यातून वर जात नाही, तिची लांबी आधी मोजावी.