इमेल्डा लांबेर्तात्सी

इटलीतील बोलोन्या शहराच्या एका शोकात्म आख्यायिकेची नायिका. काळ १२७४ च्या आसपासचा. तिचे लांबेर्तात्सी घराणे पवित्र रोमन सम्राटाच्या बाजूच्या गिबेलिन पक्षाचे पुढारी होते. तिचा प्रियकर बोनिफाचो हा पोपच्या बाजूच्या ग्वेल्फ पक्षाचे नेतृत्व करणाऱ्या जेरेमेई घराण्यातला. त्या काळी बोलोन्यातील बडी घराणी आपला दरारा दाखवायला उंच मनोरे उभारत. त्यांपैकी ९७ मीटर उंचीचा आसिनेल्ली मनोरा आजही उभा आहे. अशा शहरात वैऱ्याच्या मुलाला घरात घेणे म्हणजे जिवाशीच गाठ.

इमेल्डाने एके दिवशी बोनिफाचोला घरी बोलावले. भावांना सुगावा लागला आणि ते खोलीत घुसले. ती कशीबशी निसटली, पण एका भावाने विषारी खंजीर त्याच्या छातीत खुपसला. प्रेत त्यांनी एका ओसाड अंगणात लपवले. इमेल्डा परतली तेव्हा खोलीत कोणीच नव्हते, फरशीवर मात्र रक्ताचे थेंब होते. त्यांचा माग काढत ती त्याच्यापर्यंत पोचली. अंग अजून कोमट होते. जखमेतले विष तोंडाने ओढून काढणे एवढाच उपाय तिला ठाऊक होता. तो तिने केला आणि त्यातच तिचा जीव गेला. दासींना ती त्याच्याशेजारी मृत सापडली. विष चोखून काढण्याचा असाच प्रसंग इंग्लंडचा राजपुत्र एडवर्ड आणि त्याची पत्नी एलिनॉर यांच्याबद्दलही सांगतात (पॅलेस्टाईनमधील आक्रा शहर, १२७२).

चेरुबीनो गिरार्दाच्ची यांच्या बोलोन्याच्या इतिहासात (१५९६) ही कथा येते. मधली तीनशे वर्षे पाहता तिचा तपशील जसाच्या तसा खरा मानणे कठीण. या प्रेमामुळेच शहरात युद्ध पेटले, हे म्हणणे तर दोघांवर उघड अन्याय करणारे आहे. भांडण आधीपासूनच धुमसत होते: जेरेमेईंना गिबेलिन पक्षाच्या फोर्ली शहरावर स्वारी हवी होती, लांबेर्तात्सींचा तिला विरोध होता. १२७४ मध्ये रस्त्यांवर लढाई झाली आणि लांबेर्तात्सी हजारो समर्थकांसह हद्दपार झाले. त्यांतल्या अनेकांनी फाएन्त्सा शहरात आसरा घेतला. १२८० मध्ये तेबाल्देल्लो नावाच्या माणसाने त्या शहराचे दरवाजे शत्रूला, म्हणजे बोलोन्याच्या ग्वेल्फांना, उघडून दिले. इटालियन कवी दान्तेने ‘डिव्हाइन कॉमेडी’ या महाकाव्यात त्याला नरकातल्या बर्फात, देशद्रोह्यांत बसवले आहे. इमेल्डाच्या भावांचा मात्र तेथे उल्लेख नाही.

इटालियन संगीतकार दोनित्सेत्तीने या कथेवर रचलेली संगीतिका १८३० मध्ये नेपल्स येथे रंगमंचावर आली.