व्होल्ट भागिले अँपिअर, हे आलं कुठून

सोलापुरात ज्यांच्या घरी टॉवेल-चादरीचा कारखाना आहे त्यांच्या पोरांनासुद्धा वायरमनचं ऐकून ऐकून व्होल्ट, अँपिअर, एचपी (हॉर्सपॉवर) तोंडपाठ असतं. व्होल्टला (विजेचा जोर) अँपिअरनं (तारेतून वाहणारा करंट) भागलं की ओहम (तारेचा विरोध, म्हणजे रेझिस्टन्स) आणि गुणलं की वॉट (पॉवर), हे सातवी-आठवीचं गणित वाटतं, पण तिथपर्यंत पोचायला माणसांना लई वर्षं लागली.

१८०० साली इटलीच्या व्होल्टा या शास्त्रज्ञानं धातूच्या चकत्या एकावर एक रचून, मधे खारट पाण्यात भिजवलेला पुठ्ठा घालून पहिली बॅटरी केली, तेव्हा कुठं सलग करंट मिळायला लागला. १८२० मधे डेन्मार्कच्या ओरस्टेड या शास्त्रज्ञाला दिसलं की करंटच्या तारेजवळ होकायंत्राची सुई हलते, म्हणजे करंट मोजायची सोय झाली.

मग आला जॉर्ज ओहम. कुलुपं बनवणाऱ्याचा मुलगा, जर्मनीतल्या कोलोनच्या शाळेत मास्तर. १८२५ मधे त्यानं बॅटरीवर प्रयोग केले, पण मे महिन्यात सगळ्यांचे कूलर सुरू झाले की आपल्याकडं व्होल्टेज कसं बसतं, तसा त्या बॅटरीचा जोर लोड लागला की पडायचा आणि वेळ जाईल तसा अजून पडायचा, त्यामुळं पहिलं सूत्र चुकलंच. पोगेनडॉर्फ नावाच्या शास्त्रज्ञानं सल्ला दिला की थर्मोकपल वापर, म्हणजे दोन धातूंचे सांधे, एक गरम आणि एक थंड ठेवला की वीज देणारे. ओहमनं बिस्मथ आणि तांब्याचे सांधे केले, एक उकळत्या पाण्यात, दुसरा बर्फात, आणि जोपर्यंत पाणी उकळतंय आणि बर्फ आहे तोपर्यंत व्होल्टेज जागचं हलत नाही! मला विचाराल तर खरी कमाई हीच. मग २ इंचापासून १३० इंचापर्यंतच्या ८ तांब्याच्या तारा लावून बघितल्या, तार लांब तसा करंट कमी, आणि आकडे बरोबर भागाकारात बसले. १८२७ मधे पुस्तक काढलं, तर जर्मनीत कोणी नीट दखल घेतली नाही, नोकरी सोडावी लागली. मान मिळाला तो १८४१ मधे, लंडनच्या रॉयल सोसायटीचं कोपली पदक. हे वाचलं की अजून वाईट वाटतं.

पॉवरचं वेगळंच. इंग्लंडच्या जूलनं, दारूच्या भट्टीवाल्याच्या पोरानं, १८४० च्या सुमारास तारेची गुंडाळी पाण्यात बुडवून थर्मामीटरनं उष्णता मोजली. करंट दुप्पट केला की उष्णता चौपट. मोटरचा ढिला जॉइंट लोड वाढला की का जळतो, ते यातच आहे. करंटचा वर्ग गुणिले रेझिस्टन्स, त्यात ओहमचा भागाकार घातला की व्होल्ट गुणिले अँपिअर निघतं. वॉट हे नाव १८८२ मधे विल्यम सीमेन्स या इंजिनिअरनं सुचवलं, जेम्स वॉट बिचारा वाफेच्या इंजिनवाला, तो १८१९ मधेच गेलेला. इंजिनाची ताकद घोड्यांत सांगायची पद्धत त्यानंच रुजवली, म्हणून मोटरवर आजही एचपी असतं, १ एचपी म्हणजे ७४६ वॉट.

आता घरातला १००० वॉटचा हीटर घ्या. २३० व्होल्टला ४.३५ अँपिअर, रेझिस्टन्स साधारण ५३ ओहम. व्होल्टेज १८० वर आलं तर कॉईल तीच, पण पॉवर ६१२ वॉटच्या आसपास, म्हणून पाणी तापत नाही. कारखान्यातल्या मोटरला मात्र हे असंच लावू नका, तिथं क्लॅम्प मीटरवरचा (तारेभोवती चिमटा लावून करंट मोजणारा मीटर) आकडा व्होल्टनं गुणून पॉवर फॅक्टरनंही (त्यातला किती भाग खरी पॉवर होते तो आकडा) गुणावं लागतं, आणि थ्री फेज असेल तर वर १.७३२ नं.